रूथबाईची छपरी

मले किळस लवकर येते. न्हाव्याच्या पोटी जन्मलो अन् दुसऱ्याच्या डोक्यातला कोंडा दिसला का वस्तरा टाकून बाहेर पळते, असा अख्ख्या पांढुर्ण्यात मी एकटाच असीन. शाळेत गेलो होतो, पण मास्तरच्या नाकातले केस पाहून दुपारीच घरी आलो, तो परत गेलोच नाही. म्हणून अक्षर आलं नाही. वस्तरा तं बापानं शिकवला तरी आला नाही. माह्या दुकानातून कोणी गालाले कापूस न लावता बाहेर निघाला तं लोक त्याले थांबवून विचारत, "काऊन गा, आज किसन दुकानात नव्हता का?"

आता अशा माणसाचं दुकान कुठं असावं? तं रूथबाईच्या छपरीले लागून. मधात फक्त एक बांबूचा तट्टा. तट्ट्याच्या इकडून मी दाढ्या करो अन् तिकडून रूथबाई पू काढे. वास काही तट्ट्याले मानत नाही. गिऱ्हाईक म्हणे, "किसन, तुह्या साबणाले कसा वास येऊन राहिला बे?" मी म्हणो, "नवीन कंपनी आहे."

रूथबाई म्हणजे सौसरच्या मिशनच्या दवाखान्यातली जुनी नर्स. मूळची रामाकोन्याची. नवरा तिच्याच दवाखान्यात कंपाउंडर होता, तो वारला. मंग दवाखानाही बंद पडला. एक पोरगा, जोसेफ, तो इटारसीले रेल्वेत लागला. सगळ्याइले वाटलं आता म्हातारी पोराकडं जाईन, नातवंडं खेळवीन. तं ती पांढुर्ण्यात आली अन् गुलाबशेठच्या घराची रस्त्याकडची खोली अन् छपरी भाड्यानं घेऊन बसली. गुलाबशेठ संत्र्याचे मोठे व्यापारी, माह्या दुकानाचेही मालक तेच. बाईनं पांढुर्णाच काऊन धरलं? तं तिगावकडचे रक्तपितीवाले पाशिंजरनं बाजाराच्या दिवशी इथं भीक मागाले येत. ज्याइच्या पायाले बोटं नाही, ते सौसरपर्यंत चालत कसे जातीन? म्हणून बाईच पायाजवळ आली.

बुटकी, सावळी, पांढरं लुगडं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. बोटं दवाईच्या पाण्यात राहून राहून भिजल्या हरभऱ्यासारखी फुगलेली. तुम्हाले वाटीन, येशूची सेवा करणारी म्हातारी म्हणजे गोड असीन, डोळ्यात माया असीन. काही नाही. मले जेवढी किळस येते त्याच्याहून जास्त त्या बाईले येत होती. पण पुवाची नाही. पुवात तिचा हात असा जाये जसा आपल्या बायकांचा कणकेत. तिले किळस माणसाची. पान खाऊन भिंतीवर पिचकारी मारणारा दिसला का "शी". मयतीच्या जेवणात बसून भाजीले नाव ठेवणारा दिसला का "शी". एकदा एक जण आपल्या बायकोले घेऊन आला, कपाळ फुटलेलं. म्हणे, विहिरीवर पाय घसरला. बाईनं तिचा गाल उजेडात धरला अन् त्याले विचारलं, "तुमच्या विहिरीले बोटं आहेत का?" तो दाराकडं सरकाले लागला. बाई म्हणे, "शी. तू बाहेर उभा राह्य, इथं जखम उघडी आहे, घाण नाही पाहिजे."

सकाळी छपरी झाडून, पाणी तापवून ती प्रार्थना करे. मोठ्यानं करे, म्हणून मले पाठ झाली. "देवा, आज जे येतील त्यांचे पाय धुवू दे, अन् माह्या तोंडाले लगाम दे." पहिलं रोज ऐकलं गेलं. दुसऱ्याकडं देवानं काही ध्यान दिलं नाही.

शेठच्या घरात बाळंतपणाले हीच बाई. शेठचा पोरगा दिनेश तिच्याच हातावर जन्मला. तिनं नाळ कापली, पोराले न्हाऊ घातलं, अन् ती गेल्यावर शेठच्या आईनं, म्हणजे बडी मायनं, उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. पोरगा तिच्याच हातातून आला होता, त्याच्यावर शिंपडाचं काही कोणाले सुचलं नाही. तवापासून बाई शेठकडं गेली का पिशवीतून आपलाच गिलास काढे अन् मोठ्यानं म्हणे, "चहा याच्यात टाका माय. तुमचा कप बाटला तं मंग त्याले घासाले कोण लावणार, मलेच ना."

माह्या अन् तिच्या धंद्याचा संबंध गोटमारीनं आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार. जाम नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, वर झेंडा. इकडच्या काठावर पांढुर्णा, तिकडच्या काठावर सावरगाव, अन् झेंडा तोडाले जो जाईन त्याच्यावर गोटे. बाहेरच्या माणसाले सांगितलं तं तो आपल्या तोंडाकडंच पाहत राहते. ज्याचं डोकं फुटलं तो चंडीमातेच्या देवळात जाते, जखमेत भभूत, म्हणजे मातेची राख, भरते, अन् परत नदीवर. बापदाद्यापासून असंच. मी आयुष्यात एकच गोटा मारला, तो आपल्याच काठावरच्या माणसाले लागला. तवापासून पांढुर्णावाले मले म्हणत, तू सावरगावकडून उभा राहत जाय.

त्या वर्षी मी दुकानाची फळी लावून आत बसलो होतो, तं बाईनं तट्टा वाजवला. "ए न्हावी, वस्तरा घेऊन ये."

गेलो. एक पोट्टा बसलेला. डोक्यावर रगत अन् राख मिळून असं घट्ट झालेलं जसं सिमेंट. त्याच्यात केस रोवलेले. बाई म्हणे, "याच्या भोवतालचे केस काढ. केस काढल्याशिवाय राख निघत नाही अन् राख निघाल्याशिवाय टाका बसत नाही." म्या वस्तरा टेकवला, एक खपली उचलली गेली, आतून काहीतरी ऊन ऊन माह्या बोटावर आलं. मंग मले सांगतात का मी दवाईच्या घमेल्यातच तोंडावर पडलो. हनुवटी फुटली. बाई पोट्ट्याले म्हणे, "थांब बापा जरा, आधी या बहाद्दराले पाहून घेते." तवा नदीवर न जाता गोटमारीत जखमी झालेला पांढुर्ण्यातला पहिला माणूस मी.

पण तवापासून दर गोटमारीले अन् मधात कोणाचं डोकं फुटलं तवाही ती तट्टा वाजवे अन् मी जाओ. तिच्याकडचा वस्तरा वेगळा ठेवला होता, पण गिऱ्हाईकाले कोण समजावीन? अर्धे पळाले. जे राहिले ते उधारीवाले.

भभूत काढते म्हणून लोक तिच्यावर आतून जळत होते. म्हणत, बाटलेली बाई, आपल्या मातेची राख नालीत टाकते. तसं नव्हतं. ती राख वेगळ्या फडक्यानं टिपे अन् ते फडकं त्याच माणसाच्या हातात देऊन म्हणे, "हे नदीत सोडून दे. तुही माता तुह्याजवळ. जखमेत काही नाही राहिलं पाहिजे." अन् हा न्याय तिच्या लोकाइलेही होता. एकदा छिंदवाड्याहून मोठे पाद्रीसाहेब आले. रक्तपितीवाल्या म्हाताऱ्याच्या पायावर त्याइनं प्रार्थना केली अन् खिशातून कुपी काढून जखमेवर तेल लावलं. त्याइचा हात बाजूले झाला न झाला, बाईनं बोळ्यानं तेल पुसून टाकलं, त्याइच्या डोळ्यादेखत. म्हणे, "पाद्रीसाहेब, तुम्ही प्रार्थना करा, लय चांगली करता. हात नका लावू, तुम्ही बसमधून आले." साहेबाचं तोंड असं झालं जसं माह्या हातची दाढी झाल्यावर होते.

जोसेफ दरसाल तिले न्याले येत होता. चांगला पोरगा, इस्तरीचा शर्ट, रुमालात नाक. "आई, चाल ना आता. लोक काय म्हणतील मले?" बाई म्हणे, "बस, जेव. त्याच्या आधी त्या बुढ्याचा पाय जरा धरून ठेव, मले पट्टी गुंडाळाची आहे." जोसेफनं पाय धरला, खरं सांगतो, धरला. डोळे मिटून धरला. मंग न जेवता टेशनवर गेला. ती तट्ट्याकडं पाहून म्हणे, "तुह्यावाणीच आहे रे तो, किसन." मले वाटलं रेल्वेतल्या माणसासंग माही बरोबरी केली. घरी जाऊन बायकोले सांगितलं तं ती म्हणे, "अहो, तिनं त्याले शिवी दिली."

आता खरी गोष्ट. एका गोटमारीत शेठचा दिनेश, आता मिसरूड फुटलेला, झेंड्यापर्यंत गेला अन् डोकं फोडून घेऊन आला. मोठ्या घरचा पोरगा, घरच्याइले अभिमान. बडी मायनं सोताच्या हातानं भभूत भरली, वरून हळद, वरून लाल कपडा. छपरी भिंतीपलीकडं, पण कोणी बाईले बोलावलं नाही. पोरगा तापला. मंग बडबडाले लागला. डॉक्टरनं सुई दिली, पण पट्टी सोडू द्याची नाही म्हणून बडी माय दारात आडवी. शेवटी एका दुपारी, रस्ता सुनसान होता तवा, शेठ सोता मागच्या दारानं आले. तोंडावर उपरणं. "बाई, चाला. कोणाले सांगू नका."

तिनं तट्टा वाजवला.

तो लाल कपडा सुटला अन् जो वास आला, तो आजही कधी जेवताना आठवला तं मी ताट सरकवून देतो. राखेच्या खाली वळवळून राहिलं होतं. बाईनं तारपीन ओतलं अन् चिमट्यानं एकेक अळी काढाले लागली, जसं कोणी तांदूळ निवडून राहिलं. मी केस काढले. माह्या वाटीत ओकलो, पण केस काढले. बडी माय पायाजवळ बसून रडून राहिली होती. म्हणे, "बाई, सगळी भभूत नका काढू, थोडी राहू द्या."

बाई म्हणे, "थोडी म्हणजे किती माय? पोट्टा किती ठेवाचा ते सांगा, तेवढी ठेवते."

पोट्टा वाचला. अन् शेठनं काय केलं? चंडीमातेच्या देवळावर जेवण दिलं. भभूतीचा चमत्कार म्हणून. मीही जेवलो, पंगतीत बसून. बुंदी चांगली होती. बाईले कोणी बोलावलं नाही, अन् तिनंही नाव काढलं नाही.

पण शेठच्या घरी भांडे घासणारीनं पाहिलं होतं. पंधरवड्यात गावभर झालं का भभूत त्या किरिस्तानबाईनं धुऊन काढली. चार जाणते शेठकडं आले, ही काय गोष्ट आहे, मातेचा कोप झाला तं? मंग शेठ त्या चौघाइले घेऊन छपरीत आले. तोच माणूस, जो तोंडावर उपरणं घेऊन आला होता. म्हणे, "बाई, याइले सांगा, तुम्ही भभूतीले हात नाही लावला."

रूथबाई एका बाईचा पाय धूत होती. मान वर न करता म्हणे, "पोट्टा मातेनं वाचवला असं म्हणाचं आहे तं म्हणा. मीही म्हणते, मले त्याच्यात काही तोटा नाही. पण हात लावला. लावला नाही असं नाही म्हणणार."

शेठ लय हुशार माणूस. त्याइनं आवाज नाही चढवला. म्हणे, "झालं ते झालं. पुढच्या गोटमारीले एक दिवस छपरी बंद ठेवा. फक्त एक दिवस. बाकी वर्षभर तुमचे महारोगी बसवा, मी काही बोलणार नाही. नाहीतं मंग छपरी सोडा."

बाईनं तो पाय पुसला अन् पट्टी गुंडाळाले लागली. तो दिवस आठवते, तिनं 'शी' सुद्धा नाही म्हटलं.

वर्षभर मी तिच्या मागं लागलो. "बाई, एका दिवसाचा तं सवाल आहे. त्या दिवशी सौसरले जाऊन या. तिगाववाले बिचारे कुठं जातीन?" ती म्हणे, "तेच तं पाहून राहिली ना बापा. त्याइचे पाय एकीकडं, अन् गोट्याइनं फुटलेले डोके एकीकडं. डोके तं आपल्या हौसेनं फुटतात." मले वाटलं, म्हातारी मानली.

अन् मानलीच होती. गोटमारीच्या सकाळी तिनं सोता छपरीची चटई गुंडाळली, घमेलं पालथं घातलं, आत जाऊन कडी लावली. मी देवाले हात जोडले, तिच्याही अन् माह्याही. दुपारी नदीकडून आरडाओरडा वाढला. मंग एक सावरगावचा माणूस आला, ओळखीचा ना पाळखीचा, कपाळातून राखेचा चिखल गळून राहिला. बंद दारासमोर बसला. दार नाही वाजवलं. नुसता बसला. आतून कडी निघाली. बाईनं त्याच्याकडं पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं अन् म्हणे, "शी." मंग तट्टा वाजवला.

शेठनं लगेच छपरी सोडाले नाही लावली. आंबिया बहार निघाला. संत्र्याच्या गाड्या येऊन लागल्या, माल निवडाले बाया बसल्या. अन् निवडून टाकलेली सडकी संत्री शेठच्या माणसाइनं बाईच्या छपरीत आणून ओतली. विचारलं तं म्हणे, "मालकानं सांगितलं, इथं जागा आहे." बाईनं फावड्यानं ओढून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी परत. हिरव्या बुरशीची, पिचकलेली, आंबूस. त्याच्यावर माशा अशा का जमीन काळी दिसे. तुम्ही नागपुरात आमचं संत्रं खाता अन् म्हणता काय गोड आहे. मी तवापासून संत्र्याले शिवलो नाही.

बाजाराचा दिवस आला, तिगाववाले त्याच ढिगाच्या बाजूले बसले. माशा संत्र्यावरून उडून उघड्या पायावर बसाले लागल्या. मी तट्ट्याच्या फटीतून पाहून राहिलो होतो. बाई एका हातानं धुवे अन् एका हातानं हाकले. मंग थांबली. त्या माशा जखमेत काय सोडून जातात, ते दिनेशच्या डोक्यातून तिनं सोता मोजून काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी शेठच्या दारात उभी राहून तिनं चाबी दिली. म्हणे, "शेठ, तुम्ही सांगितलं तवा मी नाही उठली. माशांनी उठवलं. त्याइले राम राम सांगा." बडी माय आतून पाहत होती. बाहेर नाही आली.

सौसरमधी चर्चच्या मागं जुन्या क्वार्टरची एक खोली तिले मिळाली. पांढुर्ण्याच्या लोकाइले वाटलं, गेली. मलेही वाटलं. गिऱ्हाईकं परत आली, दुकानाले साबणाचाच वास याले लागला, अन् खरं सांगतो, मले त्या वासात मजा येईना. मंग बाजाराच्या दिवशी पाहतो तं सौसरच्या बसमधून बाई उतरून राहिली. पिशवीत घमेलं, हातात रॉकेलच्या डब्यात पाणी. बस स्टँडच्या भिंतीले टेकून खाली बसली. तिगाववाले तिच्याभोवती बसले. कंडक्टर तिले मागच्या सीटवर बसवत होता, दवाईच्या वासानं. उन्हात बसे, पावसात पोतं घेऊन बसे. जाता येता लोक नाकाले पदर लावत. मी दुकान बंद करून तिकडं जाओ. बायको म्हणे, "धंदा तं तसाही तुम्हाले येत नाही, जा."

दोन साल असं चाललं. बाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. चिमटा पकडला का हात थरथरे, दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवे. जोसेफनं बोलणं सोडलं होतं.

शेवटची पाहिली ती गोटमारीच्या दिवशी. स्टँडवर गर्दी, बाहेरगावचे बघे भजे खाऊन राहिले होते. बाई भिंतीजवळ, मी वस्तरा घेऊन बाजूले. चार डोके झाले होते. तेवढ्यात एक जवान माणूस आला, डोक्याले टॉवेल गुंडाळलेला, सगळा रगतानं अन् राखेनं भरलेला. लोकाइकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला. म्या टॉवेल काढला. दिनेश. त्याच जुन्या वणाच्या बाजूले नवीन फुटलं होतं. लग्न झालेला, बापाचा धंदा पाहणारा माणूस. तो माह्याकडं पाहून हळूच म्हणे, "किसनकाका, नाव नका घेऊ."

म्या नाही घेतलं. रस्त्याच्या पलीकडं हॉटेलच्या बाकड्यावर गुलाबशेठ चार पाहुण्याइसंग बसले होते. माह्या तोंडात थुंकी जमा झाली. ती म्या गिळली, थुंकणाऱ्याले बाई काय म्हणे ते माहीत होतं.

बाईनं बोटांनी डोकं चाचपलं. जवळ नाक नेलं, पाहाचा प्रयत्न केला. मंग त्याची हनुवटी धरून म्हणे, "तोंड तिकडं कर बापा, रस्त्याकडं. भिंतीचा अंधार येते, मले दिसत नाही."

तो म्हणे, "राहू द्या ना बाई, असंच करा."

"असंच कसं करू? राख आत राहीन. फीर."

दिनेश फिरला. पूर्ण रस्त्याच्या समोर. हॉटेलातले एकेक करून पाहाले लागले. कोणीतरी नाव घेतलं. पाहुण्यानं शेठले काही विचारलं, शेठ बशीत चहा ओतत होते, ते ओततच राहिले, बशीतून चहा धोतरावर गेला. दिनेशनं डोळे मिटून घेतले, मान वाकडी कराले गेला. बाईनं त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"हालू नको. कोणाचा पोट्टा आहे हा, किसन? जन्मात धीर नाही."

मी म्हटलं, "आहे असाच कोणाचा तरी."

तिनं राख टिपली, फडकं त्याच्या मुठीत दिलं, सांगाचं ते सांगितलं. टाके घालताना मनगट म्या धरलं होतं. काम झाल्यावर दिनेश उठला अन् फडकं हातात घेऊन सरळ नदीच्या वाटेनं निघाला, टॉवेल खांद्यावर, डोकं उघडं, हॉटेलाकडं न पाहता. बाईनं घमेल्यातलं पाणी नालीत ओतलं, घमेलं पिशवीत टाकलं. सौसरची बस लागली होती. पायरीवर तिचा पाय चढेना. कंडक्टरनं नाक दुसरीकडं करून हात दिला, तिनं तो धरला अन् वर चढली.